साडूचं इंजिन

माझ्या सासऱ्यांना दोन जावई. थोरला मी, धाकटा हरिश्चंद्र. मला ते बाळकृष्णराव म्हणत, अहोजाहो करत, मी आलो की खाटेवरची चादर झटकून बसायला सांगत. हरी आला की, "हऱ्या, आलास का रे? जा आत, तुझ्या सासूनं भाकरी ठेवलीय," एवढंच. लोकांना वाटे, थोरल्या जावयाचा केवढा हा मान. पण मानाचा पाहुणा उठून गेला की घरातली माणसं पाय पसरून बसतात, आणि त्या पाय पसरून बसणाऱ्यांत हरी असे. मला त्याचा हेवा वाटे. आज तो नाही, माझेही दात गेले, तरी वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी त्याचं काही वाईट बोललो तर वाचणाऱ्यानं त्यातून थोडं वजा करावं. चांगलं बोललो तर मात्र ते पुरतं खरं धरावं.

सासऱ्यांना आम्ही दोघंही मामा म्हणायचो. जव्हार संस्थानच्या मोटारखान्यात ते मुख्य मिस्त्री होते. मी जामसरच्या भातशेतीतून उठून त्यांच्या हाताखाली ड्रायव्हर झालो. गाडी घाटात कशी घालावी, उतारावर कशी धरावी, हे त्यांनीच शिकवलं आणि हात चांगला आहे म्हणून थोरली मुलगी, सुमन, मला दिली. पुढे संस्थान विलीन झालं, दरबार उठला, मोटारखान्यातल्या गाड्या एकेक करून गेल्या. मी नव्या सरकारी बसवर लागलो. मामांच्या वाट्याला एक जुनी विलायती गाडी आली, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती. काळी, लांबलचक, मागे समोरासमोर बाकं, सात माणसं ऐसपैस बसतील अशी. पेट्रोल मात्र अधाशासारखं प्यायची. मामांनी ती घरामागच्या छपरात आणून उभी केली आणि रोज सकाळी फडक्यानं पुसू लागले. चालवायची ऐपत नव्हती, पुसायची होती.

याच छपरात हरी पहिल्यांदा मला दिसला. आला होता कुसुमला, म्हणजे माझ्या मेहुणीला, पाहायला. जव्हारचाच मुलगा, दरबारातल्या एका कारकुनाचा. लढाईच्या दिवसांत मुंबईला जाऊन यंत्राचं शिक्षण घेतलं, मग गोदीत बोटींच्या डिझेल इंजिनांवर काम केलं. माणूस बुटका, केस राठ, कानांवर नेहमी काळं काहीतरी लागलेलं. आत पोहे तयार होते, कुसुम नव्या लुगड्यात दाराआड उभी होती, आणि नवरा मुलगा कुठे म्हणून बघावं तर छपरात. त्यानं माझ्या सासूबाईंकडून लाटणं मागून घेतलं होतं. मामांना गाडी सुरू करायला लावली, लाटण्याचं एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले, आणि म्हणाला, "मागून दुसरं बेअरिंग गेलंय. तुम्हाला ऐकू येत नाही का?" मुलीच्या बापाशी असं कुणी बोलतं? मी मुलगी पाहायला आलो तेव्हा नव्या धोतरात हातांची घडी घालून बसलो होतो आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं होतं. पण संध्याकाळी मामा मला म्हणाले, "बाळकृष्णराव, माणूस सापडला." जावई सापडला असंही म्हणाले नाहीत.

त्या घरात मग लाटणं कधी जागेवर राहिलं नाही. होळीला पुरणपोळ्या करायच्या म्हटलं की सासूबाई छपराकडे तोंड करून हाक मारायच्या आणि लाटणं ग्रीस पुसून परत यायचं. दुसरी त्याची खोड म्हणजे चव घेण्याची. इंजिनातलं तेल असो, डबक्यातलं पाणी असो, बॅटरीतलं सोडून सगळं तो बोटावर घेऊन जिभेला लावी आणि मान हलवी. नम्रपणा त्याच्याकडे औषधालाही नव्हता. "जव्हारात हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही," असं तो कुणाच्याही तोंडावर म्हणे, आणि गंमत अशी की लोकांना राग येत नसे. तेच मी म्हटलं असतं तर चार दिवस गावभर झालं असतं. एकाच गोष्टीत तो उणा होता. त्याला गाडी चालवता येत नसे. गिअर टाकताना असा आवाज काढी की रस्त्यावरची बाई डोक्यावरची मोळी टाकून बाजूला व्हायची. माझा जीव तेवढ्यावर टिकून होता.

मामांची गाडी डिझेलवर चालवायची हे त्यानं लग्नानंतर लगेच मनात घेतलं. त्या काळी डिझेल म्हणजे लॉरी, बोट, नाहीतर विहिरीवरचा पंप. माणसं बसतात त्या गाडीत डिझेल, हे कुणी ऐकलंही नव्हतं. मी विचारलं, इंजिन पेट्रोलचं, ते डिझेलवर कसं चालेल? तो म्हणाला, "पेट्रोलला काडी लावावी लागते, साडूभाऊ. डिझेलला नाही. आतली हवा दाबत न्यायची, ती तापते, त्यात तेलाचा फवारा सोडायचा. दाबलं की पेटतं." तो माझ्याकडे पाहून बोलला नव्हता, पण मला ते उगीच लागलं.

त्याची काम करायची तऱ्हा अशी की कागद नाही. छपरातली जमीन शेणानं सारवलेली. तिच्यावर कोळशानं त्यानं अख्खं इंजिन काढलं, जेवढ्यास तेवढं. "कागदावर इंजिन लहान दिसतं, मग चुकाही लहान दिसतात," असं त्याचं म्हणणं. खालचं इंजिन तेच ठेवायचं, वरचं डोकं नवीन ओतून घ्यायचं. त्या डोक्याचा लाकडी नमुना त्यानं बोहाड्याची सोंगं कोरणाऱ्या सुताराकडून करून घेतला. देवांचे मुखवटे कोरणारा तो माणूस. त्यानं नमुन्याला शेवटी हळदकुंकू लावून दिलं. ओतकाम नाशिकला झालं. तेल फवारणारा पंप मुंबईच्या भंगारातून आला. सासूबाई छपरात शेण्या आणायला गेल्या तर कडेकडेनं चालत, जमिनीवरच्या इंजिनावर पाय पडू नये म्हणून. माझ्या घरात माझ्या वहाणांवर सगळे पाय देऊन जात.

एकदा मी त्या चित्राभोवती फिरलो आणि मला जे दिसलं ते बोललो. पिस्टनचं वरखाली होणं चाकाच्या फिरण्यात बदलणारी जी वाकडी कांब असते, क्रँक, ती त्यानं जुनीच ठेवली होती. सगळा मार बसतो तो तिच्यावर. मी म्हटलं, "हरीभाऊ, ही पेट्रोलच्या मारासाठी केलेली. डिझेलचा मार मोठा. तुटेल ही." तो हसला नाही. उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला की शंका बरोबर आहे, पण तशी क्रँक घडवणं जव्हारात काय, नाशकातही होणार नाही. त्यापेक्षा मारच मऊ करू. डोक्यात प्रत्येक पिस्टनच्या वर एक लहानशी कोठी ठेवायची. भडका आधी कोठीत होईल आणि बारीक भोकातून खाली उतरेल, म्हणजे पिस्टनला दणका न बसता ढकल मिळेल. हे सांगून त्यानं क्रँकभोवती एक मोठं वर्तुळ काढलं आणि शेजारी लिहिलं, 'साडूभाऊंची शंका'. पुढे छपरात जो कोणी येई त्याला मामा ते कौतुकानं वाचून दाखवत. कौतुक माझं नव्हे, हरीच्या लिहिण्याचं.

दिवाळी आली तशी कुसुमनं सवयीनं छप्पर सारवून काढलं. सगळं इंजिन शेणाखाली गेलं. सुमननं घाबऱ्या घाबऱ्या येऊन सांगितलं आणि मी, खोटं कशाला बोलू, त्याचं तोंड बघायला गेलो. तर हा छपराच्या दारात बसून हसतोय. म्हणाला, चुकाही गेल्या, बरं झालं. सारवण वाळल्यावर त्यानं आठवणीनं सगळं पुन्हा काढलं, आधीपेक्षा सुबक. काही भाग गाळले. माझी शंका मात्र वर्तुळासकट जागच्या जागी परत आली.

इंजिन बसलं आणि पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आळीतल्या कोंबड्या चार दिवस अंड्यावर बसल्या नाहीत. धूर असा की समोरच्या घरातली माणसं आग लागली म्हणून कळशी घेऊन आली. लॉरीला हे चाललं असतं. पण हरीचं म्हणणं होतं की लॉरीत पोती बसतात, पोती तक्रार करत नाहीत. गाडीत माणूस बसतं. म्हणून त्याची खरी मेहनत पुढेच सुरू झाली. इंजिन जिथे सांगाड्यावर टेकतं तिथे जुन्या टायरचे तुकडे कापून घातले. मग पाण्यानं भरलेला पितळी पेला बाकावर ठेवून गाडी सुरू करायची आणि पाणी सांडतं का बघायचं. शेवटी सासूबाईंना डोळे मिटून बसवलं. त्या म्हणाल्या, जात्यावर बसल्यासारखं वाटतंय. हा दोन दिवस हसत होता, आणि हसत हसत आणखी टायर कापत होता. आमच्या सासूबाई माझ्या बसमध्ये कितीतरी वेळा बसल्या. कसं वाटलं हे मी त्यांना कधी विचारलं नाही, हे खरं, पण त्यांनीही कधी सांगितलं नाही.

गाडी चालू लागली, पण पुढच्या पावसाळ्यात डिझेलची पिंपं येईनाशी झाली. रस्ता खचला होता. तेव्हा हरीनं सासूबाईंच्या स्वयंपाकघरातून मोहाच्या तेलाचं भांडं उचललं. आमच्याकडे मोह सगळीकडे. बिया वेचायच्या, घाण्यावर घालायच्या, वर्षाचं तेल होतं. त्यानं बोटानं चव घेतली आणि ते टाकीत ओतलं. आणि गाडी चालली. चालली ती चालली, वर धूर कमी झाला, आणि मागे वास सुटला तो थेट वडे तळल्याचा. पोरं गाडीमागे धावत. पाड्यांवरचे लोक तिला तळणीची गाडी म्हणू लागले. माझी आई जामसरहून डोक्यावर तेलाची मडकी घेऊन यायची ती त्याच्यासाठी. मी म्हटलं, आई, मुलगा मी आहे. ती म्हणाली, "तुझी बस सरकार चालवतंय. त्याला कोण हाय?"

आता प्रश्न राहिला पासिंगचा. माणसं न्यायची तर ठाण्याहून मोटार तपासणारे साहेब येऊन गाडी पास करायला हवी. पास झाली तर हरी जव्हार ते मोखाडा सवारी गाडी चालवणार आणि इथेच राहणार. नाही झाली तर मुंबईला परत. गोदीतून त्याला बोलावणं आलं होतं आणि फार काळ ते थांबणार नव्हते. कुसुमला दिवस गेले होते, तिला मुंबईच्या चाळीत जायचं नव्हतं. मामा तर त्या गाडीवरच जगत होते. आणि मला काय हवं होतं? मला तो जायला हवा होता. लांब, मुंबईला, वर्षातून एकदा गणपतीला येईल इतका लांब.

साहेब आले ते ऐन थंडीत. सकाळी मोखाड्याकडे निघायचं ठरलं. सवाऱ्या म्हणून बाजाराला आलेली सूर्यमाळची माणसं घेतली. त्यांना फुकटात अर्ध्या वाटेपर्यंत जायला मिळत होतं. माझी सुट्टी होती. मामांनी मला मानानं मागच्या बाकावर बसवलं. पुढे हरी, शेजारी साहेब, आणि गिअरचा तो आवाज. गाव मागे पडलं, माळ लागला, वारं असं बोचत होतं की बायकांनी पदर कानांवरून घट्ट घेतले. आणि चढाच्या तोंडाशी गाडी खोकली, दोन आचके दिले, थांबली. हरी उतरला, पंप बघितला, नळी सोडली. नळीतून तेल येईना. बोट घालून काढलं तर पांढरं, लोण्यासारखं.

सूर्यमाळची एक म्हातारी खाली उतरून बघत होती. ती म्हणाली, "त्याल थिजलाय ना, बाबा. थंडीत त्याला चुलीशी ठेवाचा."

मोहाचं तेल थंडीत थिजतं हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं? माझ्या आईला, सासूबाईंना, कुसुमला, मला, सगळ्यांना. भांडं चुलीशेजारी ठेवायचं हे इतकं अंगवळणी पडलेलं की थिजलेलं तेल कुणी वर्षानुवर्षं पाहिलंच नव्हतं. हरीनं ते पावसाळ्यात वापरलं, तेव्हा ते पातळच होतं. त्या दिवशीही सासूबाईंनी ते चुलीपासूनच उचलून दिलं होतं. मला आजही चुटपुट लागते ती एवढीच, की हे मला आधी सुचलं असतं तर क्रँकसारखी ही शंकाही माझ्या नावावर लागली असती.

पुढे जे झालं ते आमच्याच भागात होऊ शकतं. सवाऱ्यांना घरी पोचायचं होतं. त्यांनी आपसात काही बोलून सागाची पानं गोळा केली, काटक्या आणल्या आणि टाकीखाली छान शेकोटी पेटवली. दोघं हात शेकत बसलेसुद्धा. साहेब पलीकडे ब्रेकबद्दल काही लिहीत होते; त्यांनी वळून पाहिलं आणि ते जे पळाले ते थेट आंब्याच्या झाडामागे. तेल पातळ झालं, गाडी सुरू झाली, म्हातारी आत चढून बसली. साहेब काही बसेनात. ते मागून आलेल्या बसनं गेले आणि जाताना सांगून गेले की खाली जाळ लावून चालवायचं वाहन माणसांसाठी पास होत नसतं. शिवाय चालवणाऱ्याला चालवता येत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी भात परत परत मागून घेतला. सुमन वाढत होती आणि डोळे पुसत होती. कुसुम आता जाणार म्हणून. मध्येच तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वाढायची थांबली. म्हणाली, "तुम्हाला आज भूक बरी लागलीय." मी पान तसंच ठेवून उठलो, कारण आता ते जाईना.

मला वाटलं होतं हरी खचेल. तो गाडीखाली जाऊन झोपला होता, म्हणजे आडवा पडून बघत होता. मला म्हणाला, "साडूभाऊ, चूल गाडीतच आहे की." इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ तापून लाल व्हायचा बाकी असतो. त्यानं तेलाची तांब्याची नळी त्या नळाभोवती वेटोळी करून नेली आणि एक वेटोळं टाकीच्या पोटाखालूनही फिरवलं. शेजारी एक लहान टाकी डिझेलची बसवली. सुरू करायचं डिझेलवर; नळ तापला, तेल पातळ झालं, की चावी फिरवून मोहाच्या तेलावर जायचं. इतकं सोपं की ते बघून मला चीड आली. अवघड काही केलं असतं तर मी मान्य केलं असतं.

मामांनी ठाण्याला जाऊन साहेबांना पुन्हा यायला राजी केलं. अट एकच, चालवणारा दुसरा हवा. मामा बसथांब्यावर आले. मी टायर तपासत होतो. ते कधी नव्हे ते माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाळकृष्णा, तू चालव रे."

किती वर्षं मी त्या 'तू'ची वाट पाहिली होती. आला तो हरीसाठी.

मी चालवली. ती गाडी त्या दिवशी माझ्या हाताखाली जशी चालली तशी दुसरी गाडी मला पुन्हा मिळाली नाही. चढावर ती खालून ओढत होती, घाई नाही, धाप नाही, बैल ओळखीच्या वाटेनं निघावा तशी. मोखाड्याच्या अलीकडच्या चढावर क्षणभर मनात आलं की गिअर जरा उशिरा टाकला तर ती इथे थांबेल आणि कुणाला कळणार नाही. पण गाडी बाळकृष्णाच्या हातात बंद पडली असं म्हणायला मी कुणालाही जागा देणार नव्हतो. मी गिअर वेळेवर टाकला. मोखाडा आलं, मागच्या बाकावर एक बाई पोराला पाजत झोपून गेली होती. असं इंजिन एका माणसानं शेणाच्या जमिनीवर कोळशानं काढलं, आणि तो माणूस मी नव्हतो. रडू यावं इतकं ते मला लागलं.

एक गोष्ट मात्र पावलाला जाणवली. उतारावर, एका ठरावीक वेगाला, पायाखाली बारीक शहारा यायचा आणि जायचा. परतल्यावर मी ते हरीला सांगितलं. म्हटलं, क्रँक आहे ती, मधल्या भागात. त्यानं ऐकून घेतलं.

साहेबांनी उतरून माझा हात हातात घेतला, अभिनंदन केलं. मी म्हटलं, इंजिन यांचं आहे. हरी म्हणाला, "गाडी यांनी चढवली, साहेब. माझ्या हातात ती परत थांबली असती." हे त्यानं अगदी मनापासून म्हटलं. त्याच्या या मोठेपणाचा मला जितका राग येई तितका त्याच्या हुशारीचाही येत नसे. मामांनी पेढे वाटले. मला देताना म्हणाले, "घ्या, बाळकृष्णराव. तुमचे उपकार झाले."

गाडी पास झाली आणि पुढचा पावसाळा, त्यापुढची थंडी, दुसरा पावसाळा, अशी धावली. ती चालवायला मोखाड्याचा एक ड्रायव्हर ठेवला होता. बाळंतिणी गेल्या, वऱ्हाडं गेली, शाळांचे मास्तर बदलीवर सामानसुमानासह गेले. दाभोशाकडची माणसं मोखाड्याला लग्नाला निघाली की माझी बस सोडून तिच्यासाठी थांबत. माझ्या बसमध्ये जागा असताना.

मग एका दुपारी मी बस घेऊन मोखाड्याहून येत होतो तर वाटेत तळणीची गाडी आडवी. सवाऱ्या झाडाखाली बसलेल्या. हरी त्या दिवशी गाडीबरोबर होता, तो इंजिनाखालून सरपटत बाहेर आला, तेलानं माखलेला, आणि मला पाहून ओरडला, "साडूभाऊ, तुटली."

या क्षणाची मी वाट पाहत होतो, हे काय सांगायला हवं? इतकी वर्षं मनात वाक्यं तयार होती. 'सांगितलं नव्हतं का' हे त्यातलं पहिलं. मी बसमधून उतरलो, पण ते वाक्य काही बाहेर आलं नाही, कारण तो आधीच विचारत होता. "तुम्ही म्हणाला होतात मध्ये. मध्ये म्हणजे कुठे? ही बघा, इथेच ना? शहारा कुठल्या वेगाला यायचा? चढाला यायचा का? नाही? फक्त उताराला?" त्यानं माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं. मी सांगत गेलो. त्यानं रस्त्याच्या मातीत काटकीनं नवी क्रँक काढली, जिथे मी बोट ठेवलं तिथे जाड केली, आणखी एक आधार दिला. माझ्या बसमधली माणसं खोळंबली होती, तीही उतरून गोल करून बघायला लागली. माझं बरोबर ठरणं त्यानं असं उचललं आणि त्याच्या पुढच्या इंजिनाची पहिली रेघ करून टाकलं. मला ते मिरवायलासुद्धा मिळालं नाही.

मुंबईकडे एक कारखाना निघत होता. लहान गाड्यांची डिझेल इंजिनं करायची त्यांची खटपट चालली होती. हरी एकदा जाऊन त्यांना तुटलेली क्रँक दाखवून आला. आणि त्यांनी त्याला ठेवून घ्यायचं कबूल केलं. मामांनी गाडी पुन्हा छपरात लावली. पुसायचं मात्र सोडून दिलं.

तो निघाला त्या दिवशी डहाणूच्या बसवर ड्युटी माझीच होती. कुसुम कडेवर मुलगी घेऊन खिडकीशी बसली, सारखी मागे जव्हारकडे बघत. हरी माझ्या पाठीमागच्या बाकावर. क्रँक कुसुमच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलेली. वाटेत जो कोणी शेजारी बसला त्याला त्यानं लुगडं सोडून ती दाखवली आणि पुढे माझ्याकडे हात करून सांगितलं, "हे आमचे साडू. लोखंड तुटायच्या आधी यांना पायाला कळलं." मी समोर रस्त्याकडे बघत होतो. माझे कान तापले होते, सुखानं की संतापानं, ते मला तेव्हाही उमगलं नाही.

डहाणूला सगळे उतरले. तो माझ्या दारापाशी आला आणि म्हणाला, "चला माझ्याबरोबर. तिथे गाड्या चालवून बघायला माणूस लागणार आहे. मी करीन, तुम्ही सांगा कुठे चुकलं. आपलं दोघांचं बरं जमतं."

त्याला खरंच तसं वाटत होतं. आपलं दोघांचं जमतं. इतक्या वर्षांत माझ्या मनात काय शिजत होतं याचा त्याला पत्ताच नव्हता. सगळं ऐकू येणाऱ्या त्या कानांना हे एवढं ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, माझी परतीची गाडी आहे. तो म्हणाला, मग पुढच्या महिन्यात या. मी मान हलवली. जाणार नाही हे मला ठाऊक होतं. गावी राहून ज्याला वर्षातून एकदा पाहायचं त्याला तिथे रोज पाहावं लागलं असतं.

तो स्टेशनाकडे चालू लागला. ट्रंक हमालाच्या डोक्यावर, क्रँक याच्या खांद्यावर, मागे कुसुम. मी बस सुरू केली, पण हलवली नाही. फाटकापाशी पोचल्यावर तो वळून बघेल असं वाटलं. बघेना, म्हणून मी हॉर्न दिला. पुन्हा दिला. कुसुमनं मागे पाहून हात हलवला. हरी थांबला होता खरा, पण हमालासाठी. त्यानं लुगडं सोडलं होतं आणि बोटानं तुटलेली जागा दाखवत काहीतरी समजावून सांगत होता. आणि हमालही डोक्यावरची ट्रंक खाली ठेवून, गाडीची वेळ झालेली असताना, वाकून बघत होता.